'नेटिव्ह' कोणाला म्हणावे?

१८६४ साली विश्वनाथ नारायण मंडलिक यांनी मुंबईत एक साप्ताहिक सुरू केले. त्याचे नाव 'नेटिव्ह ओपिनियन'. या नावात मंडलिकांना कमीपणा वाटला असेल असे मानण्यास काही आधार नाही. ज्यांच्यावर राज्य चालले आहे त्यांचेही एक मत आहे, आणि ते छापून राज्यकर्त्यांपुढे ठेवण्याजोगे आहे, असा त्या नावाचा सरळ अर्थ होता. त्यानंतर एकवीस वर्षांनी, डिसेंबर १८८५ मध्ये, त्याच मुंबईत गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत एक सभा भरली आणि तिने स्वतःस 'इंडियन नॅशनल काँग्रेस' म्हणवले. 'नेटिव्ह' हा शब्द तेथे कोणास हवासा वाटला नाही. योगायोग असा की, त्याच १८८५ साली फौजेतील पलटणींच्या नावांतूनही 'नेटिव्ह' गाळण्यात आला आणि 'बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्री'ची नुसती 'बॉम्बे इन्फंट्री' झाली.

एका शब्दाची पत दोन दशकांत घसरली, असे यावरून कोणी म्हणेल, तर ते पूर्ण खरे नाही. कलकत्त्याच्या धुरिणांनी १८५१ सालीच आपल्या संस्थेच्या नावात 'ब्रिटिश इंडियन' हे शब्द घातले होते. आणि १८८५ नंतरही सरकारी कागदांत 'नेटिव्ह' सुखेनैव नांदत राहिला. तरीही मंडलिकांनी जो शब्द मथळ्यावर मिरवला तो पुढच्या पिढीला शिवीसारखा का लागू लागला, हा प्रश्न उरतोच. साहित्याच्या अभ्यासकांस तो टाळता येत नाही. कारण एकोणिसाव्या शतकातील कोणताही इंग्रजी दस्तऐवज उघडला, की पानापानावर हा शब्द समोर येतो आणि मराठीत आणताना लेखणी अडखळते.

आरंभ व्युत्पत्तीपासून करू. लॅटिनमध्ये 'नास्की' म्हणजे जन्मणे. त्याचे जुने रूप 'ग्नास्की'. आरंभीचा तो 'ग' 'कॉग्नेट' या शब्दात अजून टिकून आहे. या क्रियापदापासून 'नातिवुस', म्हणजे जन्माने आलेला, जन्मजात, आणि त्यापासून 'नेटिव्ह'. 'नेशन', 'नेचर', 'नेटल' ही सारी याच घरातील भावंडे. म्हणजे १८८५ च्या सभेने 'नेटिव्ह' टाकून 'नॅशनल' घेतले तेव्हा तिने घर बदलले नाही, खोली बदलली. आणखी मागे गेले तर हे घर आपल्याही ओळखीचे निघते. लॅटिनमधील 'ग्न' आणि संस्कृतातील 'जन्' हे एकाच मूळ धातूचे अंकुर. जन, जन्म, जात, जाति हे सगळे 'नेटिव्ह'चे चुलत आप्त. याचा मासला पाहायचा असेल तर इंग्रजीतील ज्योतिषाचे एखादे पुस्तक चाळावे. ज्याची कुंडली मांडलेली आहे त्याला तेथे 'नेटिव्ह' म्हणतात. आपले ज्योतिषी त्यालाच 'जातक' म्हणतात. हे भाषांतर कोणा पंडिताने जुळवलेले नाही. दोन दूरच्या भाषांनी एकाच धातूवर स्वतंत्रपणे केलेले ते काम आहे. शब्दाला शब्द इतका चपखल बसल्याचे उदाहरण सहसा सापडत नाही.

परंतु कुंडलीतला 'नेटिव्ह' सुखी, जमिनीवरचा नव्हे. मध्ययुगीन इंग्लंडच्या जमीनदारी दप्तरांत 'नातिवुस' हा पारिभाषिक शब्द आहे आणि त्याचा अर्थ जन्माने बांधलेले कूळ, धन्याच्या जमिनीशी जखडलेला माणूस असा आहे. अशा माणसाने मुलीचे लग्न केले तर धन्याला पैसे द्यायचे. तो पळून गेला तर त्याला परत मिळवण्यासाठी धन्याने न्यायालयातून हुकूम काढायचा, आणि त्या हुकुमाचे नावच 'दे नातिवो हाबेंदो', म्हणजे 'नेटिव्ह ताब्यात मिळण्याबाबत' असे होते. इंग्रजीत नाम म्हणून 'नेटिव्ह' हा शब्द पंधराव्या शतकात दिसू लागतो तो प्रथम याच अर्थाने, जन्मगुलाम म्हणून. अमुक गावचा रहिवासी हा आजचा साळसूद अर्थ त्यामागून आला. हा 'नेटिव्ह' काळा नव्हता, परदेशीही नव्हता. तो नॉरफकचा गोरा शेतकरी होता. वसाहतींनी या शब्दाला दास्य चिकटवले असे आपण समजतो. प्रत्यक्षात शब्द गलबतावर चढला तेव्हाच त्याच्या अंगावर ते होते. अर्थात अठराव्या शतकातील कंपनीच्या कारकुनाला ही वंशावळ ठाऊक होती, असे आमचे म्हणणे नाही.

याच 'नातिवुस'चे फ्रेंच रूप इंग्रजीत दोनदा आले. एकदा कायद्याच्या भाषेतून 'नीफ' म्हणून, म्हणजे पुन्हा दास, विशेषेकरून दासी. आणि दुसऱ्यांदा सतराव्या शतकात 'नाईव्ह' म्हणून, म्हणजे भोळा, जग न पाहिलेला. 'नेटिव्ह' आणि 'नाईव्ह' ही सख्खी भावंडे आहेत हे कळल्यावर वसाहतकालीन कादंबऱ्यांतील भोळ्याभाबड्या नेटिव्हाचे पात्र थोडे निराळे दिसू लागते. आणि या कुटुंबाच्या शेजारी आणखी एक शब्द राहतो, 'व्हर्नाक्युलर'. त्याच्या मुळाशी लॅटिन 'वेर्ना', म्हणजे धन्याच्या घरात जन्मलेला गुलाम. एकोणिसाव्या शतकात आमच्या माणसांना आणि आमच्या भाषांना जे दोन शब्द सरकारदरबारी लावले गेले, ते दोन्ही उगमाशी घरजन्म्या दासाचे निघावेत याला काय म्हणावे? १८७८ च्या 'व्हर्नाक्युलर प्रेस ॲक्ट'ची चीड आपल्या इतिहासात नोंदलेली आहे. 'व्हर्नाक्युलर फायनल' मात्र आमच्या आजोबा-पणजोबांनी अभिमानाने पास केली आणि त्या जोरावर मास्तरकी मिळवली.

शब्दाचे इतर संसार येथे ओझरते पाहून पुढे जाऊ. खाणीत शुद्ध धातुरूपात सापडणारे सोने किंवा तांबे ते 'नेटिव्ह'. केंट आणि एसेक्सच्या किनाऱ्यावर मुद्दाम वाढवलेली कालवेही 'नेटिव्ह', आणि व्हिट्स्टेबलचे खवय्ये ती डझनाच्या हिशेबाने मागवीत. संगणकावर एखाद्या यंत्रणेसाठीच लिहिलेली आज्ञावली हीदेखील 'नेटिव्ह'. या सर्व ठिकाणी शब्दाचा भाव वरचा आहे: अस्सल, भेसळ नसलेला. कालवाच्या बाबतीत जो गुण ठरतो तो माणसाच्या बाबतीत उणा का ठरावा?

याचे उत्तर आम्हांस शब्दकोशापेक्षा व्याकरणात दिसते. 'अ नेटिव्ह ऑफ डेव्हन' म्हणजे डेव्हनचा रहिवासी. यात कसलीही नालस्ती नाही. शब्दापुढे गावाचे, प्रांताचे, देशाचे नाव आहे तोवर तो निरुपद्रवी असतो. कारण तो माणसाला एका जागेशी जोडतो. शेक्सपिअरच्या 'रिचर्ड दुसरा' नाटकात मोब्रेला हद्दपारीची शिक्षा होते तेव्हा तो देशाआधी आपल्या 'नेटिव्ह' इंग्रजीसाठी हळहळतो. चाळीस वर्षे शिकलेली भाषा आता तोंडात कुलूपबंद राहणार याचे त्याला दुःख आहे. तेथे हा शब्द जिव्हाळ्याचाच आहे. राणीच्या १८५८ च्या जाहीरनाम्यातही 'नेटिव्ह' आहे, पण पुढे 'आमच्या हिंदुस्थानातील मुलखाचे' अशी जोड आहे. मंडलिकांची पिढी हा जाहीरनामा आपल्या हक्कांची सनद म्हणून वाचीत होती. मात्र पुढचे स्थळ गळाले आणि मागे 'द' हे उपपद लावून अनेकवचन केले, की 'द नेटिव्ह्ज' होतात. आता ते कुठले, हे विचारण्याचे कारण उरत नाही. ते सगळीकडचे आणि कुठलेच नाहीत. स्थळ गेले आणि नुसता जन्म उरला. ज्याला आपल्याकडे 'जात' म्हणतात तेथे हा शब्द अशा वळणाने येऊन पोहोचला.

जुन्या मराठी लेखकांनी 'नेटिव्ह'साठी जो शब्द योजला तो या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. तो 'एतद्देशीय'. उच्चाराला अवजड, आज तर हास्यास्पद वाटावा असा. पण त्यात 'देश' आहे आणि 'हा' आहे. 'या देशाचा.' इंग्रजीने गाळलेली जागा मराठीने न बोलता परत भरली. पुढे 'नेटिव' हा शब्दच मराठीत रूढ झाला तेव्हा ती जागा पुन्हा गेली.

आता कायद्याकडे. १८३३ च्या सनदी कायद्याचे ८७ वे कलम प्रसिद्ध आहे: धर्म, जन्मस्थान, वंश किंवा वर्ण एवढ्याच कारणावरून कोणालाही कंपनीच्या नोकरीस अपात्र ठरवू नये. त्या कलमात दोन प्रकारची माणसे येतात. एक, या मुलखाचे 'नेटिव्ह'. दोन, येथे राहणारे राजाचे 'नॅचरल-बॉर्न सब्जेक्ट'. दोघेही जन्माने जे आहेत ते आहेत, दोन्ही शब्द एकाच धातूचे. पण एकाचा जन्म त्याला जमिनीशी बांधतो, दुसऱ्याचा राजाशी. समतेचे वचन देणाऱ्या कलमातच ही वाटणी होऊन गेलेली आहे.

१८७० साली ब्रिटिश पार्लमेंटाने याहून चमत्कारिक काम केले. परीक्षेवाचून काही हिंदी लोकांना वरिष्ठ नोकऱ्यांत घेता यावे यासाठी एक कायदा झाला आणि त्याच्या सहाव्या कलमात 'नेटिव्ह ऑफ इंडिया'ची व्याख्या करावी लागली. राणीच्या हिंदुस्थानातील मुलखात जन्मलेला आणि तेथेच अधिवास असलेला, ज्याचे आईबाप तेथे कायमचे राहणारे आहेत, तात्पुरत्या कामासाठी आलेले नाहीत, असा कोणीही तो नेटिव्ह. व्याख्येत वर्णाचा उल्लेख नाही. परिणामी पिढ्यान्‌पिढ्या येथे राहिलेले अँग्लो-इंडियन आणि येथेच स्थायिक झालेले युरोपियनही कायद्याने नेटिव्ह ठरले. त्यांना नाव पडले 'स्टॅट्युटरी नेटिव्ह', म्हणजे कायदेशीर नेटिव्ह. नोकरीच्या अर्जावर हे नेटिव्हपण उपयोगी होते. क्लबात आणि लग्नाच्या बाजारात ते लपवायचे होते. १९२५ साली पार्लमेंटात सरकारने खुलासा केला तो असा, की हा समाज नोकऱ्यांपुरता नेटिव्ह, पण शिक्षण आणि अंतर्गत सुरक्षा यांबाबत त्याची स्थिती युरोपियन ब्रिटिश प्रजेच्या जवळची. एकच माणूस कचेरीत नेटिव्ह आणि शाळेत युरोपियन. जन्म तर एकच होता.

या दोन कायद्यांनंतर १८८३ चे इल्बर्ट बिल येते. नेटिव्ह मॅजिस्ट्रेटपुढे युरोपियन आरोपीचा खटला चालावा की नाही, या प्रश्नावर कलकत्त्याच्या गोऱ्या वस्तीने जो गहजब केला त्यात 'नेटिव्ह' या शब्दाचा उरलासुरला मान गेला, असे आम्हांस वाटते. दोन वर्षांनी मुंबईत जमलेल्या मंडळींच्या कानात तो आवाज ताजा होता.

परंतु ही गोष्ट एवढ्यावर सोडली तर ती आपल्या सोयीची होईल. नाताळमध्ये १८९४ साली गांधींनी 'नाताळ इंडियन काँग्रेस' स्थापन केली. डरबनच्या पोस्टाला त्या काळी दोन दारे होती: एक युरोपियनांसाठी, दुसरे नेटिव्ह आणि आशियाई यांच्यासाठी. काँग्रेसने तक्रार केली. त्यातून दारे तीन झाली: नेटिव्ह, आशियाई, युरोपियन. मुंबईत उतरला की जो नेटिव्ह, तो डरबनला नेटिव्हांबरोबर एका दाराने जाण्यास तयार नव्हता. तेथे 'नेटिव्ह' म्हणजे आफ्रिकी. शब्द तोच, त्याखाली उभे राहायला आपल्याहून दुसरे कोणी मिळाले की आपण सुटलो, ही भावना फक्त गोऱ्यांची नव्हती. गांधींच्या नंतरच्या आयुष्याने या भूमिकेला मागे टाकले हे खरे, पण ते तिसरे दार इतिहासात आहे.

त्याच भूमीत १९१२ साली 'साउथ आफ्रिकन नेटिव्ह नॅशनल काँग्रेस' स्थापन झाली. 'नेटिव्ह' आणि 'नॅशनल' या दोन बहिणी एकाच नावात शेजारी बसलेल्या आम्हांस तरी अन्यत्र आढळल्या नाहीत. पुढच्याच वर्षी 'नेटिव्ह्ज लँड ॲक्ट' आला आणि आफ्रिकी बहुसंख्याकांना देशाच्या सुमारे सात टक्के जमिनीबाहेर जमीन घेण्यास मज्जाव झाला. ज्याच्या नावाचा अर्थच 'या मातीत जन्मलेला', त्याला त्या नावानेच मातीपासून तोडणारा हा कायदा. संस्थेचे पहिले चिटणीस सोल प्लाटके यांनी त्याविरुद्ध 'नेटिव्ह लाइफ इन साउथ आफ्रिका' हे पुस्तक १९१६ साली प्रसिद्ध केले. जन्मभूमीतच नेटिव्हाची काय गत झाली हे सांगण्यासाठी पुस्तकाच्या आरंभीच त्यांनी जो शब्द निवडला तो 'परिया'. तमिळ देशातील एका जातीचे नाव इंग्रजीच्या वाटेने किंबर्लीच्या पत्रकारापर्यंत पोहोचले, ते 'नेटिव्ह' म्हणजे काय याचे स्पष्टीकरण होऊन. हेच प्लाटके शेक्सपिअरची नाटके सेत्स्वाना भाषेत आणणारे. इंग्रजीचे इतके मर्म जाणणारा माणूस हा शब्द पुस्तकाच्या नावात ठेवतो तो अजाणतेपणी नव्हे. त्यांच्या संस्थेने १९२३ साली मात्र नाव बदलले आणि ती 'आफ्रिकन नॅशनल काँग्रेस' झाली. पुन्हा तीच क्रिया: नुसता जन्म सांगणारा शब्द काढून जागेचे नाव घालणे.

गोऱ्यांनी स्वतःस 'नेटिव्ह' म्हणवले ते कोठे? जेथे मूळ रहिवाशांना मोजायचेच नव्हते तेथे. १८४० च्या दशकात अमेरिकेत 'नेटिव्ह अमेरिकन' नावाचा पक्ष होता. त्याचे सभासद अमेरिकेत जन्मलेले प्रॉटेस्टंट गोरे, आणि त्यांचे वैर आयर्लंडहून येणाऱ्या कॅथलिकांशी. १८४४ साली फिलाडेल्फियात त्यावरून दंगली होऊन चर्चे जळाली. 'नेटिव्हिझम' हा शब्द या राजकारणातून आला. त्याच 'नेटिव्ह अमेरिकन' या नावाने शंभरावर वर्षांनी, १९६० नंतर, त्या भूमीचे खरे आदिवासी ओळखले जाऊ लागले. ऑस्ट्रेलियातही १८७१ साली स्थापन झालेली 'ऑस्ट्रेलियन नेटिव्ह्ज असोसिएशन' ही तेथे जन्मलेल्या गोऱ्यांची संस्था होती. त्याच देशात १९९२ साली मर्री बेटावरील एडी माबो यांच्या खटल्याचा निकाल लागला आणि 'नेटिव्ह टायटल', म्हणजे मूळ रहिवाशांचा जमिनीवरील पूर्वापार हक्क, न्यायालयाने मान्य केला. माबो त्यापूर्वी काही महिनेच वारले होते.

वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांनी दोन शीर्षके शेजारी ठेवून पाहावीत. हार्डीची 'द रिटर्न ऑफ द नेटिव्ह' १८७८ ची, म्हणजे आमच्या 'व्हर्नाक्युलर प्रेस ॲक्ट'च्याच वर्षाची. पॅरिसहून एग्डन माळावर परतणारा क्लिम यॉब्राइट हा नेटिव्ह. त्याचे नेटिव्हपण ही त्याची ओढ आहे आणि तीच त्याची शोकांतिका आहे. दुसरे रिचर्ड राइटचे 'नेटिव्ह सन', १९४० चे. शिकागोच्या कोंडवाड्यात वाढलेला काळा बिगर टॉमस 'या भूमीचा पुत्र' आहे, आणि शीर्षकातील हा दावा नाकारण्याची सोय अमेरिकेला ठेवलेली नाही. याउलट ऑर्वेलच्या हत्तीवरील निबंधात 'नेटिव्ह्ज' आहेत, पण त्या गर्दीतील एकालाही नाव नाही. वर ज्या व्याकरणाविषयी बोललो ते येथे गद्यशैली बनून वावरते.

भाषाशास्त्राने हा शब्द धुऊन वापरायचा प्रयत्न केला. ब्लूमफील्डने १९३३ साली जी भाषा माणूस पहिली शिकतो ती त्याची 'नेटिव्ह' भाषा आणि तो तिचा 'नेटिव्ह स्पीकर', अशी मांडणी केली. येथे एकदाचा शब्द उलटला. आता नेटिव्ह असणे हा अधिकार झाला आणि इंग्रजीपुरता तो इंग्रजांकडे गेला. काल आम्ही नेटिव्ह म्हणून अपात्र होतो. आज नेटिव्ह नाही म्हणून अपात्र आहोत. भारतात जन्मलेले कॅनडातील कोशकार टॉमस पैकडे यांनी १९८५ साली 'नेटिव्ह स्पीकर मेला आहे' अशा अर्थाचे शीर्षक देऊन पुस्तकच काढले. तरी इंग्रजी शिकवण्याच्या नोकऱ्यांच्या जाहिरातींत तो जिवंत आहे.

आपल्या भारतीय इंग्रजीने या शब्दाचे जे केले ते मात्र कोणत्याही साहेबाला सुचले नसते. 'नेटिव्ह प्लेस.' गिरगावात जन्मलेल्या, गिरगावातच म्हातारे झालेल्या माणसाचे नेटिव्ह प्लेस राजापूर तालुक्यात असते. तेथे तो जन्मलेला नाही, कदाचित त्याचा बापही नाही. जन्म या एकाच गोष्टीवर उभा असलेला शब्द आम्ही जन्मापासून सोडवला आणि इंग्रजीने गाळलेली जागा त्याला कायमची जोडून दिली. कौतुक करावे तेवढे थोडे. पण 'मूळ गाव कोणते?' हा प्रश्न पुष्कळदा कशासाठी विचारला जातो हेही आपण जाणतो. गावावरून आडनाव आणि आडनावावरून आणखी काही. 'नेटिव्ह' आणि 'जात' यांचा धातू एकच आहे, हे विचारणाऱ्याला माहीत असण्याची गरज पडत नाही.

अखेरीस भाषांतराचा प्रश्न. भालचंद्र नेमाडे यांचा 'देशीवाद' इंग्रजीत 'नेटिव्हिझम' म्हणून गेला. त्यांचे त्या नावाचे पुस्तक सिमल्याच्या संस्थेने २००९ साली काढले. 'देशी' हा शब्द 'मार्गी'शी जोडीने येणारा, शैली आणि परंपरा सांगणारा. इंग्रजीत तो फिलाडेल्फियाच्या जळत्या चर्चांची आठवण घेऊन उभा राहतो. देशीवादावर परक्यांचा द्वेष केल्याचे जे आक्षेप इंग्रजीतून आले, त्यांतील काही मूळ मांडणीवरचे असतील, पण काही निःसंशय या भाषांतराचे आहेत.

उलट दिशेनेही जपावे लागते. जुन्या इंग्रजी कागदांतील 'नेटिव्ह' आता सर्रास 'भारतीय' म्हणून मराठीत येतो. हेतू चांगला असतो. परंतु त्यामुळे लिहिणाऱ्याचा उद्धटपणा पुसला जातो आणि ज्यांना १८८५ साली 'इंडियन' हे नाव मुद्दाम घ्यावे लागले त्यांना ते जन्मतःच मिळाले होते असा देखावा होतो. 'एतद्देशीय' आज चालणार नाही. 'देशी' काही ठिकाणी चालेल. जेथे शब्दच मुद्द्याचा आहे तेथे तो 'नेटिव्ह' म्हणूनच ठेवावा, असे आमचे मत आहे. 'बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी'त बाळशास्त्री जांभेकर ज्या पदावर होते ते 'नेटिव्ह सेक्रेटरी'चे. त्याचे 'भारतीय चिटणीस' केले, तर दुसरा एक सेक्रेटरी होता आणि तो कोण होता, हे वाचकाला कळण्याचा मार्गच बंद होतो.